दचकी

कागदावर तिचं नाव डचेस.
बारकू वरठाने पहिल्याच दिवशी त्याचं दचकी केलं,
आणि ते तिला शोभलंही.
कुकरची शिट्टी झाली तरी अंग चोरायची.

ओवळ्याला, केणीशेठच्या लग्नाच्या लॉनमागे तिचा तबेला.
अंगाने दोन रेड्यांएवढी,
गुडघ्यापासून खुरापर्यंत पांढरे केस,
जशा चारी पायांनी झालरी नेसल्यात.
नवरदेव त्या झालरींचेच पैसे मोजायचे.

रात्री ती पाय आपटायची.
धप्.
मग बराच वेळ काही नाही, मग धप् धप्.
एक पाय दुसऱ्यावर घासत राहायची, रक्त येईतो.
समोरच्या टॉवरमधून, अकराव्या मजल्यावरून
वॉचमनकरवी निरोप यायचा:
घोडीला सांगा, आम्हाला सकाळी ऑफिस असतं.

डॉक्टर नाफडेबाईंनी केस बाजूला केले,
काळ्या कागदावर कोंडा झटकला, भिंग धरलं.
कोंडा चालत होता.
"झालर काढावी लागेल. हलक्या हाताचं कोण आहे?"

म्हणून मला बोलावणं आलं.
वाघबीळला माझं पार्लर, दोन खुर्च्यांचं.
पोटऱ्यांवरचे केस काढणं हा माझा वीस वर्षांचा धंदा,
पण माझ्या गिऱ्हाइकांना लाथेची सवय नाही.

केणीशेठ म्हणाले, तुळशीचं लग्न झालं की सात वराती आहेत,
असल्या बोडक्या पायांवर कोण बसणार?
बाई म्हणाल्या, पाठीवर बसतात.

रस्त्याचं नाव घोडबंदर. कधीकाळी म्हणे
गलबतांतून घोडे उतरायचे इथे, खाडीच्या चिखलात.
त्यांचे पाय कुणी पुसले असतील?

बारकूने तिचा कान पिळला नाही, दोरही आवळला नाही.
मानेला टेकून उभा राहिला,
येऊरच्या पाड्यावरच्या बोलीत काहीबाही पुटपुटत.
मी मशीन आधी माझ्या मनगटावर चालवलं,
मग तिच्या खांद्यावर, नुसता आवाज ओळखीचा व्हावा म्हणून.
पहिल्या पायाला दीड तास लागला.
झालरीखालचं कुणाच्याच फोटोत आलं नसेल:
गुलाबी, चिरलेलं, वळ्या पडलेलं कातडं,
करपलेल्या पापुद्र्यासारख्या खपल्या.
माझं नख एकीखाली गेलं, तशा बाई ओरडल्या,
ओढू नका. भिजवा. तिची ती सुटेल.

केस जाळले. खालचा सगळा भुसा बदलला.
कोमट पाण्याने धुतलं आणि कोरडं केलं.
कोरडं करणं हेच अर्धं औषध, बाई म्हणायच्या,
आणि खाडीची हवा तर काहीच वाळू देत नाही.
पार्लरचा ड्रायर, थंड हवेवर,
घोट्यामागच्या खोबणीत, जिथे मालकाची नजर जात नाही.
मग गंधकाचं पिवळं पाणी, दर रविवारी,
कारण अंडी मरत नाहीत, वाट बघतात.

गिऱ्हाइकं नाक मुरडायला लागली:
सुगंधाताई, कुठे अंडं नासलंय का?
नावाची लाज राखायला मी उदबत्त्या लावल्या.

तिसऱ्या रविवारी तिने मान खाली आणली,
माझ्या वेणीचं टोक ओठांत धरलं,
चावलं नाही. धरून ठेवलं फक्त.
मी ड्रायर बंद करायचा विसरले.

त्याच रात्री साडेअकराला वॉचमन आला.
अकराव्या मजल्यावरून विचारतायत,
आज आवाज नाही, घोडी बरी आहे ना?
त्यांना झोप येत नाहीये.
"निजलीय," बारकू म्हणाला. "त्यांनाही सांग निजायला."

गंधकाने चांदी काळी पडते, हे कुणी सांगितलं नव्हतं.
घरी येऊन जोडवी काढली, राखेने घासली,
तरी काळीच. डबीत ठेवून दिली.
चौथ्या रविवारी तशीच गेले, रिकाम्या बोटांनी.
पाय हलके वाटत होते.
हे मी कुणाला सांगितलं नाही,
दचकी सोडून.