राजम्याचा डबा

त्या गुरुवारी मी सेलकर्क अव्हेन्यूवरच्या दुकानात
राजम्याच्या डब्यावरचा मजकूर वाचत उभी होते.
राजमा. पाणी. साखर. मीठ, चारशे ऐंशी मिलिग्रॅम.
बाहेर उणे एकतीस. चष्म्यावरची वाफ अजून उतरायची होती.

पलीकडे ती,
आणि तिच्या एक पाऊल मागे, गार्ड.
ती थांबली की तो थांबे.
तिने पिठाची पिशवी उचलली
की तो घसा खाकरी.
कोट मुलाचा असावा, बाह्या लांब.
कानात मण्यांची निळी फुलं.
"तुम्ही लोक..." तो म्हणाला,
आणि वाक्य तिथेच सोडलं.
पुरं करावं लागत नाही ते विनिपेगमध्ये;
उरलेलं आम्ही घरून पाठ करून आलेलो असतो.

तिने पीठ परत ठेवलं.
दार उघडलं, थंडी आत आली, ती गेली.

आणि मी?
हातात राजमा होता,
गिळले मात्र मूग.

माझ्या बापाने या गावात
आडनावाची शेपटी कापून घेतली होती.
तेरा अक्षरांची पाच केली, उच्चार सोपा केला,
मग त्याला कुणी विचारलं नाही कुठून आलास म्हणून.
मला वाटायचं, धूर्त होता.
आता वाटतं, त्या कापलेल्या शेपटीतच कुठेतरी
ओरडायची नस असणार.

आठवडाभर झोप लागेना.
लागेना म्हणजे अगदीच नाही असं नाही,
पण पहाटे तीनला जाग यायची
आणि मी अंधारात खणखणीत भाषणं करायची.
सगळी त्या गार्डला उद्देशून.
सगळी अप्रतिम.

पुढच्या गुरुवारी तीच ती. तोच तो.
या वेळी काउंटरपाशी:
"पिशवी उघडा."
रांगेतले सगळे फोनमध्ये शिरले.
माझ्या भाषणांतला एकही शब्द आला नाही.
पाय तेवढे आले.
मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले,
माझी पिशवी पट्ट्यावर उलटी केली:
रक्तदाबाच्या गोळ्या, लोकरीचे मोजे,
मळलेला रुमाल, अर्धा खाल्लेला केक.
"माझीही बघा," म्हटलं. आवाज चिरका निघाला.
"तुमची नको, मॅडम."
"का नको?"

तो पोरगाच होता. कानशिलं लाल झाली.
काउंटरवरच्या मारिव्हिकने
काही न बोलता पट्टा बंद केला.
बस्स, एवढंच झालं.
टाळ्या नाहीत, माफी नाही.
मागून कुणीतरी म्हणालं, "आता उशीर होणार."

मी त्याच्याकडे पाठ केली आणि तिला विचारलं,
"मी थांबू, की जाऊ?"
तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं,
आपण विकत घेण्याआधी फळ बघतो तसं.
"थांबा," म्हणाली.

बस थांब्यावर काचेच्या आडोशाला दोघी.
मला वाटत होतं, ती आभार मानेल.
खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते.

"मागच्या गुरुवारी तुम्ही डबा वाचत होतात,"
ती रस्त्याकडे बघत म्हणाली.

थंडीत अश्रू गोठतात म्हणतात;
लाज गोठत नाही.

"काय लिहिलं होतं त्यावर?"
"मीठ," मी म्हटलं. "बरंच."

ती हसली नाही.
पिठाची पिशवी बाकावरून उचलून मांडीवर घेतली;
शेजारी वीतभर जागा झाली.
मी बसले. ओरिसिया, मी सांगितलं,
मग बापाने कापलेलं आडनाव, अख्खं.
जीभ दोनदा अडखळली.
"डेल्फीन," ती म्हणाली.

तिची बस आधी आली.
पायरीवर चढताना, न वळता, ती म्हणाली,
"पुढच्या गुरुवारी मला साखर घ्यायचीय."