मागे किती

निकाल लागला तेव्हा गर्दी नव्हती.
नागभीडच्या स्टँडमागचं माझं सेतू केंद्र,
इन्व्हर्टर कुरकुरतोय, आणि बाकावर
आचल, प्रणोती, प्रणोतीची आई,
शिवाय सातबारा काढायला आलेला एक म्हातारा,
जो काम झाल्यावरही थांबला, उगाच.

उत्तरतालिकेवरून दोघींनी आधीच मोजलं होतं :
एकशे बारा. दोघींनाही एकशे बारा.
वहीच्या शेवटच्या पानावर, खाली दोन रेघा.
एक सोमवारी सकाळी बसलेली, चंद्रपूरला,
दुसरी गुरुवारी दुपारी,
त्याच खोलीत, त्याच डुगडुगत्या खुर्चीवर,
असं त्या शपथेवर सांगतात.

पडद्यावर आलं :
आचल देवाजी नन्नावरे, ९३.४१८२०६७
प्रणोती मोरेश्वर गेडाम, ९०.०७५५३१९

"मार्क सारखे, मंग हे कसं?" म्हातारा.
मी सांगू लागलो. सोमवारचा पेपर अवघड म्हणे,
एकशे बारापर्यंत पोचलेले थोडेच.
गुरुवारचा सोपा, पोचले पुष्कळ.
तर मार्क नाही मोजत, माणसं मोजतात :
तुझ्याच पाळीत, तुझ्याएवढी नाहीतर तुझ्याहून कमी
शंभरात किती.

"पायलीसारखं," प्रणोतीची आई म्हणाली.
"आमची पायली तळाला चेपलेली,
शेठची पोटुशी.
मोहफूल तेवढंच रायते,
पन पायली कोनाची, ते आधी पाहा लागते."
तीन वर्षं मी हे आलेखाच्या कागदावर
पोरांना समजावत होतो.

सात आकडे कायले, म्हाताऱ्याने विचारलं.
कारण दोघं एकाच जागी नकोत, आजोबा.
तरी सारखे आले तर गणित पाहतात,
मग भौतिक, मग रसायन, मग बारावी,
आणि काहीच उरलं नाही तर वय :
थोरला तो पुढे.
"हे बरं हाये," तो म्हणाला, आणि सावरून बसला.

"अन तिच्या मागं नव्वद हायेत, ते कोन?"
कोणी नाही काकू, आकडे.
"आकडे कसे? टुरेच असतीन ना कोनाचे."

मी माऊस हलवला, पडदा झोपू नये म्हणून.
दोन हजार एकोणीस, दुसरी पाळी, ३८.६६ आणि पुढे पाच आकडे.
पाठ आहेत, पण कुणी विचारत नाही.
माझ्या खांद्यावर पाय देऊन कुणी पुण्याला गेलं असेल.
मी नसतो तर तो
केसभर खाली असता.

मग आचल हळूच म्हणाली, उमीचा पाहा ना.
उमेश्वरी वाढई. फॉर्म मीच भरलेला,
पासवर्ड माझ्याच वहीत.
फोटोमागचं पांढरं म्हणजे माझ्या आईची चादर.
सरावात ती एकशे वीसच्या वर जायची,
पेपराच्या दिवशी तेंदूच्या फळीवर होती,
जिथे पुडेही शेकड्यानेच मोजतात.

पडद्यावर एकच शब्द : गैरहजर.
पुढे टिंब नाही, आकडा नाही.
ना ती कुणाच्या पुढे, ना कुणाच्या मागे.
तिची पाळी गुरुवारची, दुपारची.
ती आली असती
तर प्रणोतीचा आकडा तिसऱ्या घरात हलला असता,
बहुधा खाली.
हे मी मनात मोजलं. बोललो नाही.
प्रणोती माझ्याकडे बघत होती,
तिनेही मोजलं असावं.

"तिघींचे कागद काढा," तिची आई म्हणाली.
उमीच्यावर काही नाही, काकू.
"नाव तं हाये."

प्रिंटर दोनदा अडला.
तीन कागदांचे तीस रुपये.
मी नको म्हणालो,
मग घेतले. रीम संपत आली होती.