तीन टिंबं

सायलसमामाच्या टेबलावर एक पुस्तिका आहे,
पिवळी पडलेली, पिना गंजलेल्या.
पृथ्वी सहा हजार वर्षांची, असं तिच्यात लिहिलंय,
आणि प्रलयाचं पाणी ओसरताना
वर्षभरात सगळे थर बसले,
दगडी कोळशासकट.
कूलरच्या वाऱ्यानं पानं फडफडू नयेत
म्हणून तिच्यावर एक दगड.

मामा सिलेवाड्याच्या खाणीत टाइमकीपर होता, एकतीस वर्षं.
पाळी उतरली की नावं लिहायची,
पाळी चढली की एकेका नावापुढे खूण.
"देव आपल्याले खोटं नाही सांगत," तो म्हणतो,
"अन् तुमची पुस्तकं दरसाल बदलते."

मी सदरमधल्या शाळेत विज्ञान शिकवते.
माझ्या वर्गात दोघांच्या दप्तरात हीच पुस्तिका,
तिसऱ्याच्या मोबाइलवर दुसरी.
तिच्यात देव वेगळा,
हिशेब मात्र तसाच ठाम.

मग मे महिन्यात, ओढणी तोंडाला गुंडाळून,
मी सेमिनरी हिल्सवर भूगर्भवाल्यांच्या कचेरीत गेले.
फाटकावरच्या माणसानं विचारलं, काय काम?
म्हटलं, पुरावा पाहिजे.
त्यानं रजिस्टरात लिहिलं: येण्याचं कारण, पुरावा.
आणि थंड पाण्याचा रांजण दाखवला.

आठ दिवसांत वही भरली.
मामानं पेन्सिल घेतली, दुसऱ्या पानावर थांबला.
"कोळशाच्या झाडाले वर पंचवीस कोटी वर्सं लिवलं,
खाली पंचवीस लाख.
तुहे दोन शून्य कुठं सांडले वो पोरी?"
मामी आतून हसली.
मी लाल शाईनं दुरुस्ती केली,
आणि घरी येऊन सगळी वही पुन्हा तपासली.
आणखी एक चूक सापडली. ती त्याला सांगितली नाही.
दोन दिवसांनी सांगितली.

पुस्तिकेत पान चौदावर एका भूशास्त्रज्ञाचं वाक्य आहे:
"थरांच्या नोंदीत मोठ्या पोकळ्या आहेत"
आणि पुढे तीन टिंबं.
खाली नुसतं एक आडनाव, एक साल.
ते आडनाव शोधत मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात
तळघरातल्या कपाटापर्यंत पोचले.
पुस्तक शेवटचं बाहेर गेलं होतं त्र्याऐंशीत.
वाक्य होतं. खरंच होतं. शब्दाला शब्द.
तिथंच उठले असते तर बरं झालं असतं का,
असं एक क्षण वाटलं.
पण टिंबांच्या जागी तिथे एक स्वल्पविराम होता.

इंग्रजीतलं ते अख्खं वाक्य मी मराठीत उतरवलं
आणि कागद मामापुढे ठेवला:
थरांच्या नोंदीत मोठ्या पोकळ्या आहेत,
पण जे सापडतं ते उलट्या क्रमानं कधीच सापडत नाही.

त्यानं चष्मा पुसला.
पेन्सिलीच्या टोकानं एकेक शब्द मोजला,
जसं कधीकाळी पिंजऱ्यातून उतरणारे हेल्मेट मोजायचा.
"खाली उतरले चवदा," तो म्हणाला.
मग पुस्तिकेवर टोक फिरवलं.
"वर आले पाच."
कूलरचा पंप खरखरत होता.
"नऊ जण खालीच रायले.
असं हजेरीबुक मी सही करून नसतं देल्लं."

एवढंच.
रविवारी तो चर्चला गेला, नेहमीसारखा पहिल्या बाकावर.
पुस्तिका टेबलावरच आहे, मी विचारलंही नाही.

पण त्या दिवशी पान उलटायला त्यानं दगड उचलला
आणि धर म्हणून माझ्या हातात दिला.
मी तो कधी पालथा करून पाहिलाच नव्हता.
खालच्या बाजूला एक पान,
जिभेच्या आकाराचं, मधोमध शीर,
आणि दोन्हीकडे जाळी, इतकी बारीक
की वाटावं आता काहीतरी बोलेल.
"छतातून पडला, सत्त्याऐंशी साली. कोनाले लागला नाही.
कोन्त्या झाडाचं हाये?"
ते झाड आता कुठंच नाही, मामा.
"मंग तुले कसं मालूम?"

पुस्तिकेत न बघता विचारलेला
त्याचा हा पहिला प्रश्न.
मी तोंड उघडलं,
आणि आधी मनातल्या मनात
शून्यं मोजून घेतली.