एक जानेवारी दोन हजार दोन

व्यंकटनं खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं
आणि वायर आत ओढली, बारीक, काळी,
गवारीच्या शेंगेएवढीसुद्धा जाड नाही.
“ह्याच्यातूनच येलालंय बघा काकू, समदं.”
मी म्हटलं, येऊ दे. पण कॅलेंडरचा खिळा पाडू नको.

राउटर समोरच्या खोलीत, कॉम्प्युटर मधल्या,
कपाट नि शिलाई मशीनच्या मधी,
वर जुन्या साडीचा तुकडा, तुकड्यावर धूळ.
उदगीर आणि आसपासच्या किती पोरी
ह्याच्यातून सासरी गेल्या:
‘आमचे येथे श्रीकृपेकरून’
आधी एका बोटानं, मग दहाही बोटांनी.
पुढं पत्रिका मोबाईलवर नाचायला लागल्या, गाण्यासकट,
आणि हा गप्प बसला.

आता साकोळच्या एका बाईंना जुन्या वळणाची पत्रिका पाहिजे.
लेक पुण्यात, त्याला मेलवर पाहिजे.
म्हणून हा खटाटोप.

ह्याला हवेतलं इंटरनेट कळत नाही.
व्यंकटनं खिशातून नखाएवढं यंत्र काढून खोचलं.
कॉम्प्युटर म्हणाला, ह्याची माझी ओळख नाही,
ओळख इंटरनेटवरून उतरवून घ्या.
नगरपालिकेतही मला एकदा असंच म्हणाले होते,
रहिवासी दाखल्यासाठी
रहिवासी असल्याचा दाखला आणा.

मग चौबाऱ्यावरून वीस मीटर वायर आणली.
उंबऱ्यावरून, देवळीखालून, ज्वारीच्या कोठीमागून.
पाठीमागच्या भोकात टोक टिकेना, खटका तुटलेला,
तर मी आगकाडी मोडून पाचर मारली.
हिरवा दिवा लुकलुकला.
व्यंकट माझ्याकडं बघत राहिला, मी दिव्याकडं.

तरी पान उघडेना.
ज्या दारावर जावं तिथं एकच पाटी:
हे ठिकाण सुरक्षित नाही.
बातम्या सुरक्षित नाहीत. हवामान सुरक्षित नाही.
“मशीन म्हातारं झालंय काकू, नवं घ्या,”
असं म्हणून व्यंकट जेवायला गेला.

मी चष्मा पुसला.
खाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत
एक जानेवारी दोन हजार दोन.
व्हय रे बाबा.
तू तिकडंच बसलास होय.
आजचे कागद घेऊन आलेला जो तो
तुला खोटाच वाटणार.

वर्षाच्या बाजूला छोटा बाण. दाबला.
तीन. चार. चारला देवणीच्या नवरदेवाचं नाव चुकलं,
पाचशे पत्रिका रद्दीत, पैसे माझ्या अंगावर.
पाच, सहा. सातला ह्यांची बदली कंधारला,
शनिवारी येतो म्हणाले.
शनिवार येत राहिले.
तेराला नळ बंद, ह्याच्या टेबलाखाली पाण्याचे ड्रम.
सोळाला तेच ड्रम.
वीसला तीन पत्रिका आल्या, तिन्ही मागं घेतल्या.
बाणाला त्याचं काही नाही.
टिक, टिक, वर.
चोवीसला थांबले.
बोट दुखत नव्हतं, तरी चोळलं.

पान उघडलं.
उदगीर, एकेचाळीस अंश, आकाश निरभ्र.
हे खिडकीतूनही दिसत होतं.
तरी दोनदा वाचलं.

संध्याकाळी लाईट गेली, आली,
आणि हा परत एक जानेवारीवर.
अकीलभाई घडीवाल्यांना सांगितलं तर न हसता म्हणाले,
“सेल मर गया आपा उसका. बाकी सब जिंदा है.”
चाळीस रुपयांत रुपयाच्या नाण्यासारखा सेल दिला.
तो सुईदोऱ्याच्या डब्यात आहे.
मागच्या पत्र्याचा चौथा स्क्रू गंजलाय
आणि व्यंकट रोज पेचकस विसरतो.

तोवर सकाळी चहा ठेवला की
आधी ह्याला तारीख सांगते,
मग पत्रिका उघडते.
काल साकोळहून निरोप आला:
आजोबांच्या नावाआधी कैलासवासी लावू नका,
दवाखान्यातून घरी आणलंय.