मागची सीट

विजेच्या बिलाच्या पाठीवर
विश्राम सुट्टी आखतोय.
(तोंडावर मी अहो म्हणते. इथं कागदावर विश्राम.)
सहा दिवस, पाच रात्री
आणि खाली दुहेरी रेघ,
जशी तो गिऱ्हाइकाच्या हिशेबाखाली ओढायचा :
टोल, पार्किंग, रात्रीचा भत्ता.

एकतीस वर्षं नाशिकरोड स्टेशनाबाहेर
नावाची पाटी धरून उभा राहिला.
नाव दरवेळी दुसऱ्याचं.

मला ही सगळी ठिकाणं फोनवरून माहीत आहेत.
"गंगापूर धरणाजवळ आहे, द्राक्षांच्या मळ्यात.
मंडळी आत गेलीत, दीड तास तरी लागेल,
तू जेवून घे."
"बोर्डीला आहे. सुरूच्या झाडाखाली गाडी लावलीय.
वारा फार आहे गं, ऐकू येतंय का?"
येत होतं.
समुद्र मी तसाच ऐकलाय,
हात राखेचे, फोन खांद्याच्या नि कानाच्या चिमटीत.

आत काय असतं हो, मी विचारते.
त्याला आठवतं ते असं :
वॉचमनचं गाव पेठ. चहा बरा. सावली दुपारी दोननंतर.
माणसं आत जाताना घड्याळ बघतात
बाहेर येताना बघत नाहीत.
एकदा कुणीतरी सीटखाली बाटली विसरून गेलं,
तळाशी चार बोटं लाल.
विश्रामनं फोन करून विचारलं, परत आणू का?
ते हसले म्हणे.
ती बाटली आमच्या खिडकीत आहे, तिच्यात मनीप्लँट.
त्या चार बोटांचं काय झालं
हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.
आंबट होती.
पण तोंडात बराच वेळ राहिली.

तर पहिला दिवस मळा. "फेब्रुवारीत जाऊ," तो म्हणतो,
"तोडणी चालू असते, वास येतो रस्त्यापर्यंत."
दुसरा, तिसरा, चौथा : जव्हारवरून उतरून डहाणू, बोर्डी, झाई.
घाटात मला मळमळतं, त्यानं कंसात लिंबू लिहिलंय.
झाईला बोंबील वाळत घातलेले असतात काठ्यांवर,
मला वाटायचं नुसते टांगतात,
तो सांगतो, जबड्यात जबडा अडकवून
दोघादोघांची जोडी.

पाचव्यावर पेन थांबलं.
शहर बघायचं होतं ना तुला? मुंबई घेऊ?
मी म्हटलं, नाशिक घ्या.
अगं, आपण नाशिकलाच राहतो!
कुठं राहतो? सिन्नर फाट्याला राहतो.
पांडवलेणी मी बसमधून बघितलीत,
सरकारवाडा रिक्षातून,
भांडीबाजारात गेले ती लेकीचं तांब्याचं घंगाळ घ्यायला
आणि पिशवी धरून परत.
मला कपालेश्वराच्या पायऱ्यांवर बसायचंय
कुणाचीही वाट न बघता.

तो बराच वेळ गप्प. मग लिहिलं :
नाशिक दर्शन, सात पॉइंट.
मी सातावर काट मारली, तीन केले.

खाली त्याच्या पक्क्या अक्षरात :
गाडी टवेरा. पॅसेंजर एक.
मी कागद फिरवून त्याच्यासमोर धरला.
त्याला चूक दिसेना.
टोल तपासला, किलोमीटर तपासले,
शेवटी मीच एकाचे दोन केले,
शाई जरा फुटली.

मग चालवणार कोण?
भाच्याला सांगितलंय मी, तुषारला.
तुषार! तो क्लच दाबूनच ठेवतो.
ठेवू दे.

आत्ता रात्रीचे साडेनऊ.
कणीक भिजवून मी खिडकीत आले तर
खाली अंगणात टवेराचं मागचं दार उघडं,
आतला दिवा लागलेला.
विश्राम मागच्या सीटवर बसून बघतोय.
हात कुठं ठेवावेत ते कळत नाहीये त्याला,
मांडीवर, मग खिडकीवर, परत मांडीवर.
गाडी जागची हललेली नाही
तरी त्याचा उजवा पाय
मधूनच ब्रेक दाबतो.