शेरा

बोर्ड्यापासून सुरुवात करतो, तिथे सकाळची सावली.
मीटरच्या पेटीचं झाकण उघडण्याआधी
बोटाने दोनदा टकटक करायची.
हे खात्याने नाही शिकवलं,
गांधीलमाशीने शिकवलं, डाव्या पापणीवर.

घर क्रमांक दोनशे बारा. आत पालीची दोन अंडी,
शर्टाच्या बटणांएवढी,
दोन वायरींच्या बेचक्यात.
एकशे चौऱ्याण्णव युनिट.
अंडी मी कुठेच लिहीत नाही.

पाजीफोंडला कुलासोंच्या गेटावर आंबा झुकलाय,
त्याची पानं पानांना शिवत बसलेले हुमले.
एस्पेरांसाबाय खिडकीतून ओरडते,
"हुमले आहेत रे, डावीकडून ये!"
डावीकडे तिचा कुत्रा.
बारा वर्षं आमचं बोलणं एवढंच,
आणि दर वेळी मी हुमले पत्करतो.

कोंबात रुळांच्या कडेने टाकळा कमरेपर्यंत.
कोवळा असताना तायकिळो म्हणून घरी नेतात,
जून झाला की कुणी ओळख दाखवत नाही.
त्याच्या पायाशी फुटकी बाटली,
बाटलीत उगवलेला केना,
मान वाकडी करून
एक निळं फूल तेवढं बाहेर.

बागेतला गुलमोहर वठला त्याला दोन पावसाळे झाले.
बुंध्यावर तपकिरी अळंबी, लाकडासारखी टणक,
वार्निश मारल्यागत चकचकीत,
एकीवर एक,
कुणीतरी पायऱ्या ठोकून ठेवल्यात
आणि चढणार कोण ते ठरायचंय.

हातातल्या यंत्रात शेऱ्यासाठी पाच आकडे:
एक, कुलूप. दोन, कुत्रा. तीन, काच धुरकट.
चार, मीटर बंद. पाच, इतर.
पाच दाबलं की कुंकळकारसाहेबांचा फोन येतो,
म्हणून पाच कुणी दाबत नाही.

आकेतलं निळं घर. मालक स्विंडनला.
आठ वर्षं वापर शून्य.
त्या दिवशी शून्य लिहिता लिहिता वर पाहिलं,
तर कौलांतून काटांदर उतरत होतं, भरदिवसा,
तोंडात पिल्लू.
मला पाहून थांबलं,
ओळखपत्र मागणार असल्यासारखं.
मीटरची काच पुसली.
पिंपळाचं मूळ भिंतीच्या चिऱ्यातून आत आलेलं,
त्याचे पांढरे केस
आकड्यांवर पसरलेले.
चाक हलत नव्हतं.
बाकी सगळं हलत होतं.

मी पाच दाबलं.

"इतर म्हणजे काय?"
"साहेब, घरात माणसं नाहीत."
"मग एक दाब ना."
"कुलूप आहे, साहेब, पण आत राहतात."
"कोण?"
मी सांगायला लागलो, पिंपळापासून.
भिंतीवरचं नेचं, विहिरीतली धामण,
न्हाणीच्या दारावर कानांसारखी फुटलेली अळंबी...
त्यांनी फोन मेजावर ठेवला असावा.
बराच वेळ नुसत्या पंख्याचा आवाज येत होता.

आता नवे मीटर बसलेत. आपापलं आपणच कळवतात.
मला काउंटरवर घेतलंय, तीन नंबरची खिडकी.
काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक उड्या मारणारा कोळी,
तो मला आणि मी त्याला, दिवसभर.

काल रांगेत एस्पेरांसाबाय होती.
पहिल्यांदाच तिचे पाय पाहिले, निळ्या सपाता.
विचारलं, "हुमले काय म्हणतात?"
"आंबा छाटला वीजवाल्यांनी. तुमच्याच."
मी मान खाली घातली.
"जांभळीवर गेलेत," ती म्हणाली, "उजवीकडच्या.
आता कुठूनही आलास तरी चावणार."

सुटे पैसे मोजताना तिच्या बाहीवर होताच एक,
तांबडा, पुढचे पाय हवेत,
वाट विचारत.
मी पावती फाडली.
सावकाश फाडली.