दोर

पुन्ता अरेनासमध्ये वारा सुटला
की नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात,
कुणी उडून जाऊ नये म्हणून.
मी कधी धरला नाही तो.
एकशे एकेचाळीस किलोची मी,
भट्टीपासून थेट रस्त्यात,
आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या
माझ्या आडोशाने चौक ओलांडायच्या.
'नोल्फा, थांब गं, आम्हालाही ने.'

जठराचं आता एवढंसं केळं उरलंय,
हे नर्स यास्नाचे शब्द.
तिने औषधाच्या टोपणात पाणी दिलं:
तीस मिलिलिटर, पंधरा मिनिटांत.
पाच भोकं पोटाला, आणि दुखत होता खांदा.
'गॅस आहे. चाला.'
रात्री दोनला सलाईनच्या खांबाला धरून
कॉरिडॉरभर चालले, मागून झगा उघडा.
लाज वाटायला हवी होती,
पण ढेकर आला
आणि इतकं बरं वाटलं की बस्स.

घरी एलिएसेर सूप गाळतो, पुन्हा गाळतो.
कोकराचं हाड, गाजर, बटाटा त्याच्या ताटात,
त्यांचं नुसतं पाणी माझ्या कपात.
चमचा नातीचा, दांड्यावर बदक.
वीस वेळा चावा, असं फ्रीजवरचा कागद म्हणतो;
चावायला काही मिळालं ते पाचव्या आठवड्यात,
अर्धं मऊ अंडं.
दोन घास उरले आणि मी रडले.
भूक निघून गेली होती, न सांगता,
चाळीस वर्षांच्या सोबतीनंतर.

भट्टी अजून पहाटे चारलाच पेटवते.
एकदा वाढदिवसाच्या केकचं बोट चाटलं.
छातीत धडधड, घामाच्या धारा,
पिठाच्या पोत्यांवर आडवी झाले.
पोत्यांनी काही विचारलं नाही.

तिसऱ्या महिन्यात केस:
उशीवर, मोरीच्या जाळीत,
आणि एक, देवा, कुणाच्या तरी पावात.
यास्नाचा फोन. प्रोटीन? गोळ्या? बी-ट्वेल्व्ह?
आणि मन कसं आहे?
मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय.
दुकान रिकामं होतं.

दारातून अजून तिरकीच शिरते. दार रुंद आहे.
रात्री कूस बदलली
की पोटाची कातडी मागाहून येते,
उशिरा पोचलेल्या पाहुणीसारखी.

गेल्या मंगळवारी चौकात पाऊल टाकलं
आणि कुणीतरी मला ढकललं.
वळून पाहिलं. कुणी नव्हतं.
म्हाताऱ्या भिंतीला चिकटून ओरडल्या,
'नोल्फा, दोर!'

खरखरीत, थंड, खाऱ्या वाऱ्याने ताठलेला.
कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं,
त्यांच्याकडे बघून शिकले:
एक हात पुढे सरकवायचा,
मगच दुसरा सोडायचा.

पलीकडे पोचल्यावर दोन्या एर्मिंडा
धापा टाकत म्हणाली,
'आता आम्ही कुणाच्या मागे चालायचं?'